शाईत उरलेले बघे

मीठ पाण्यात पडलं की ते मीठ राहत नाही, हे मला पुण्याच्या कॉलेजात कळलं आणि मी जवळजवळ वेडा झालो. तोवर मी समजत होतो, विरघळणं म्हणजे लपून बसणं. प्रोफेसर म्हणाले, लपत नाही, फुटतं. सोडियम वेगळा, क्लोरीन वेगळा, दोघांवर विजेचा उलटसुलट भार, आणि अशा सुट्या भारवाल्या कणांना म्हणायचं आयन. तेव्हा ही गोष्ट पुस्तकांतही नवी होती. काही जुने मास्तर तिला हसायचे.

प्रोफेसरांनी एका पेल्यात मिठाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात चांदीच्या क्षाराचं. दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. एकात दुसरं ओतलं आणि पांढराशुभ्र साका तळाला बसायला लागला. चांदीनं क्लोरीनला धरलं होतं. चांदीबरोबर आलेलं नायट्रेट आणि क्लोरीनबरोबर आलेला सोडियम, हे दोघे होते तसेच पाण्यात पोहत राहिले. फळ्यावरच्या समीकरणात ते डाव्या बाजूला होते, उजव्या बाजूलाही तेच होते. प्रोफेसरांनी दोन्हीकडे त्यांच्यावर काट मारली आणि म्हणाले, उरलं ते खरं.

मी त्यांना बघे म्हणू लागलो. बाजारात दोघांची जुंपली की भोवती उभी राहतात ना माणसं, तसे. प्रोफेसर पुढेही बरंच बोलले होते. हे बघे नसते तर चांदी त्या पेल्यात आलीच नसती, एकट्या चांदीच्या आयनांची बाटली कुणाला भरून आणता येत नाही, भाराचा तोल सांभाळायला जोडीला कुणीतरी लागतंच, असं काहीसं. पण माझा जीव त्या काट मारण्यावर जडला होता. नको ते खोडायचं आणि नेमकं तेवढं ठेवायचं, यापेक्षा सुंदर काही मी तोवर पाहिलं नव्हतं. पुढचं मी नीट ऐकलंच नाही.

वर्षभरात वडील गेले आणि कॉलेज सुटलं. मी कारवारकडच्या आमच्या सुपा तालुक्यात परत आलो आणि गुंदच्या शाळेत मास्तर झालो. एक खोली, चार इयत्ता, भोवती रान. तिथं रसायनशास्त्र कुणाला हवं होतं? पण डोक्यात शिरलेलं खूळ निघत नाही. भेटेल त्याला मी पाटीवर आयन काढून दाखवायचो. लग्न झाल्यावर पंधरा दिवसांत बायकोलाही दाखवले. ती खानापूरकडची, चौथी शिकलेली. तिनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अवो, मीठ फुटतंय म्हणता, तर मग आमटी खारट कशी लागतीया?"

मी चिडलो. तसा मी पहिल्यापासून चिडका. ती मात्र दिवसभर हसत होती आणि वाढताना म्हणाली, "फुटलेलं मीठ जरा घालू का वर?"

आमची मुलगी सहा महिन्यांची असताना हिचा खोकला सुरू झाला. आधी आम्ही सर्दी म्हणालो, मग गारठा म्हणालो. हल्ल्याळहून डॉक्टर आणला तोवर पदराला रक्त लागायला लागलं होतं. क्षय आहे, तो म्हणाला. औषध म्हणण्यासारखं काही नाही, आणि मूल आईपासून लांब ठेवा, जवळ अजिबात देऊ नका. हे त्यानं तिच्यासमोर सांगितलं. तिनं मांडीवरची पोर तशीच माझ्याकडे केली. त्यानंतर तिनं तिला कधी घेतली नाही.

अंगणापलीकडे एक बाई राहायची, मूळची अणशीकडची. मी तिला मावशी म्हणायचो. रानातले हिरडे गोळा करून ती ठेकेदाराला घालायची आणि राहिलेल्या हिरड्यांत आसपासच्या बायकांची लुगडी काळी रंगवून द्यायची. तिनं पोरीला आपल्या घरी नेलं, गाईच्या दुधावर वाढवलं. रोज दुपारी ती पोरीला कडेवर घेऊन अंगणाच्या त्या टोकाला, फणसाखाली उभी राहायची. ही ओसरीवरून बघायची. दोघींच्या मध्ये वीस पावलांचं अंगण होतं. पोरगी सुरुवातीला हिच्याकडे झेपावायची. महिन्याभरानं झेपावेनाशी झाली, आणि त्या दिवशी ही भिंतीकडे तोंड करून पडली ती जेवलीही नाही.

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मला एक वही आणून द्या. जाड. पोरीला लिवून ठेवायचं हाय."

"काय लिहिणार?"

"सगळं. तिला माझं तोंड बी आठवायचं न्हाई. निदान बोलणं तरी ऱ्हाऊ दे." मग जरा दम घेऊन म्हणाली, "तिचं लगीन ठरलं की द्या. तवर शाई टिकली पायजे. फिकी पडता कामा न्हाई. आन तुमी वाचायचं न्हाई, हां. माझी शपथ हाय."

मी शपथ घेतली. वही बेळगावहून मागवली, रेघांची, दोनशे पानी. शाईचं मी बघतो म्हणालो. तिनं माझ्याकडे काही मागावं आणि ते मला येत असावं, असं त्या आजारात पहिल्यांदाच घडत होतं. मला झालेला आनंद आठवला की आजही लाज वाटते.

माझे वडील काजळाची शाई करायचे. दिव्याची काजळी आणि डिंक घोटून घोटून. ती शाई कागदावर नुसती बसते, आत जात नाही, ओल्या बोटानं पुसते. आमच्याकडच्या पावसाळ्यात तिचा काय भरवसा? मी ठरवलं, हिरड्या-हिराकसाची करायची. हिरडा कुटून भिजत घालायचा, निम्मं पाणी आटेपर्यंत उकळायचा, गाळायचा, त्यात हिराकसाची पूड आणि थोडा डिंक. हिराकस म्हणजे लोखंड आणि त्याच्या जोडीला सल्फेट. पाण्यात पडलं की दोघे सुटे होतात. लोखंड हिरड्यातल्या तुरट अर्काला धरतं आणि काळं होतं. कागदाच्या आत मुरून काळं होतं, मग ते पुसायला कागदच फाडावा लागतो. आणि सल्फेट? तो बघ्या. आधी होता तसाच नंतर.

पहिल्या खेपेला शाई करडी आली. ही म्हणाली, "फिकी हाय हो." दुसऱ्या खेपेला मी हिराकस दुप्पट घातलं. अर्धा दिवस उन्हात ठेवली आणि बोरू बुडवून ओढला, तर अशी काळी की तिनं मान डोलावली. तेवढं मान डोलावणं मला पुरलं. पुढे हिराकस सरलं की मी बेळगावला जाऊन आणायचो आणि प्रत्येक खेपेला चिमूट चिमूट वाढवतच गेलो.

एकदा मी अंगणात शाई गाळत होतो आणि मावशी पोरीला घेऊन उभी होती. हिराकसाची पुडी बघून म्हणाली, "मास्तर, एवढं घालताय? मी दहा लुगड्यांना घालत न्हाई एवढं."

"लुगडं आणि कागद वेगळं, मावशी."

"वेगळं कसं? काळं बसलं की उरलेलं सोडवायला लागतंय. मी ओढ्यात सात पाण्यानं धुतो. न्हाई सोडवलं तर लुगडं बसल्या जागी कुजतंय. आडवं धरलं की टरकतंय." माझ्या भांड्यात डोकावून ती म्हणाली, "तुमी हे कसं धुणार?"

मला हसू आलं. मी आतून पाटी आणली. खरंच आणली, बायको आत खोकत असताना. मावशीला समीकरण काढून दाखवलं, लोखंड इकडून तिकडे गेलं, काळं झालं, आणि सल्फेट दोन्हीकडे तेच, म्हणून ही काट. "उरलेलं काही करत नाही, मावशी. नुसतं बसून बघतं."

तिला पाटीवरचं काही कळत नव्हतं. ती म्हणाली, "बसलेलं पावणं बी जेवतंय की, मास्तर."

मला हा विनोद फार आवडला. मी आत जाऊन तो बायकोला सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, "मावशीला त्यातलं कळतंय हो. जरा ऐका." मी म्हणालो, तुझा विश्वास तिच्यावर आहे की माझ्यावर? जाणाऱ्या माणसाला मी हे विचारलं. ती म्हणाली, "तुमच्यावर." आणि लिहायला बसली.

दुपारभर लिहायची. गुडघ्यावर फळी, फळीवर वही. दम लागला की थांबायची, अंगणापलीकडे बघायची, पुन्हा लिहायची. कधी स्वतःशी हसायची. एकदा लिहिता लिहिता मला विचारलं, "अवो, आपण दूधसागर बगायला गेलो तवा मी कुठलं लुगडं नेसलं होतं?" मी म्हणालो, मला काय माहीत. दुसऱ्या एका दिवशी विचारलं, "तुमी मला पयल्यांदा बगितलं तवा काय वाटलं?" मी तेव्हा शाळेच्या वह्या तपासत होतो. म्हणालो, काय वाटायचं? ती पानभर काहीतरी लिहीत राहिली. मी शेजारी बसलेलो असायचो आणि माझं लक्ष असायचं शाईवर, काळी उमटते का, बोरू अडतो का. अक्षरं वाचू नये म्हणून लांबून बघायचो. जवळजवळ सगळी वही माझ्या डोळ्यांदेखत लिहिली गेली आणि त्यातला एक शब्दही मी वाचला नाही.

भाताच्या लावणीच्या दिवसांत वही भरली. तिनं ती फडक्यात बांधून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "झालं." आठवड्यानं ती गेली.

आमच्याकडे चार महिने भिंतींना ओल असते. चांगलं बियाणं जसं चुलीवरच्या माळ्यावर ठेवतात, धुराच्या उबेला, तशी मी ती वही सागवानी पेटीत घालून माळ्यावर ठेवली. दर दिवाळीला पेटी खाली काढायचो, फडकं सोडायचो, पुठ्ठ्यावरून हात फिरवायचो, वाळवी नाही ना, उंदीर नाही ना बघायचो आणि न उघडता परत बांधायचो. शपथ पाळतो म्हणून मला स्वतःचा अभिमान वाटायचा. चौदा वर्षं मी हे केलं. पोरगी मोठी झाली, मी तिला वाचायला शिकवलं, आणि पेटी खाली आली की ती दाराशी उभी राहून विचारायची, "अप्पा, अजून किती वर्सं?"

तिला आईचा फोटो नव्हता. काढलाच नव्हता. मावशी तिला सांगायची, तुझी आई बारीक होती, हसरी होती. माझ्याकडून तिला फारसं काही मिळालं नाही. मला सांगताच यायचं नाही. ती विचारायला लागली की मी चिडायचो आणि म्हणायचो, वहीत सगळं आहे, थांब जरा. आईबद्दल तिनं जे जे विचारलं त्या सगळ्याला माझं हेच उत्तर होतं.

मला जे कळायला हवं होतं ते मी इथंच सांगून टाकतो. पुढं बेळगावच्या एका रसायनाच्या मास्तरांनी मला ते दोन मिनिटांत समजावलं. हिरड्याचा अर्क लोखंडाला धरतो तेव्हा तो स्वतःकडचा हायड्रोजन सोडून देतो. मी लोखंड कुठं गेलं तेवढं बघितलं, हायड्रोजनकडे बघितलंच नाही. शाईच्या पाण्यात मग तो सुटा हायड्रोजन आणि माझा तो काट मारलेला सल्फेट असे दोघेच उरतात. पाणी सुकलं की त्या दोघांचं मिळून गंधकाम्ल. सल्फेटनं खरंच काही केलं नव्हतं, तो आधी होता तसाच होता. फक्त त्याच्या सोबतीला कोण बसलं आहे ते बदललं होतं. ते आम्ल आणि मी वाढवत नेलेलं फाजील हिराकस, दोन्ही मिळून कागद खातात. ओल असेल तर भराभर, ऊब असेल तर आणखी भराभर. ओढ्यात धुतलेल्या लुगड्यातून मावशी हेच काढून टाकायची. जितकी शाई काळी केली तितकं मी त्यात विष घातलं होतं, आणि वर चुलीची ऊबही दिली होती.

लग्न ठरलं, सुपारी फुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी न्हाऊन, नवं लुगडं नेसून ओसरीवर बसली. तिला पंधरावं लागलं होतं. मावशी म्हातारी झाली होती, ती सुद्धा अबोलीचा गजरा घेऊन आली आणि पायरीवर टेकली. मी पेटी काढली. पोरीनं फडकं सोडलं, वहीला कपाळ टेकवलं आणि पुठ्ठा उघडला.

पहिलं पान जाळीसारखं होतं. अक्षरं होती तिथं भोकं होती, अक्षराच्याच आकाराची, काठाला तपकिरी. तिला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, असंच काही कशिदा काढल्यासारखं आईनं केलंय. तिनं पान उचललं आणि ओळी खाली आल्या. काळे तुकडे तिच्या मांडीवर पडले.

"हलवू नको!" मी एवढ्या जोरानं ओरडलो की मावशी दचकली.

पोरीनं हात तिथंच थांबवले. मग मी पुढे झालो. नखानं दुसरं पान सोडवलं, ते तिसऱ्याला चिकटून आलं आणि दोन्ही गळाली. दहावं बघितलं, पन्नासावं बघितलं. कुठं एखादी वेलांटी शिल्लक, कुठं एखादा 'मग', एखादा 'तुझ्या'. मी मावशीकडे बघितलं. तिला आठवत होतं, मला दिसलं. तिनं तोंडाला पदर लावला.

पोरगी म्हणाली, "अप्पा, तुमी वाचलं असंल की. सांगा."

"नाही वाचलं."

"येकदा बी न्हाई?"

"शपथ होती."

ती माझ्याकडे बघतच राहिली. रागानं बघितलं असतं तर मला सोसलं असतं. ती खूप आशेनं बघत होती, जणू मी थट्टा करतोय आणि आता सांगेन. "चौदा वर्सं घरात होती, अप्पा," ती म्हणाली. "तुमी चोरून तरी वाचायचं हो."

मी तिथंच खांबाला धरून बसलो आणि रडलो. पोरीसमोर पहिल्यांदाच. मी तिला सांगितलं की शाई मी केली होती, हौसेनं केली होती, मावशीनं सांगितलेलं ऐकलं नव्हतं. तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती खाली मान घालून मांडीवरचे तुकडे एकेक वेचत होती आणि पदरात ठेवत होती, जुळवता येतील असं समजून.

मग ती पुन्हा वहीकडे वळली. हलक्या हातानं, एकेक पान श्वास धरून उलटत गेली. वहीच्या मधोमध ती थांबली.

"अप्पा, हे हाय."

एक पान पाठपोट अख्खं होतं. कागद पिवळा, पण धड. अक्षरं इतकी पुसट, तांबूस, की उन्हात धरावी लागली. वर चार ओळी, खाली आणि मागं सगळं कोरं. तिनं ते पान वाकून, बोट ठेवून, शाळेत वाचतात तसं मोठ्यानं वाचलं.

"आज शाई सरली. तुझे अप्पा बेळगावला गेले आहेत, उद्या येतील. तळाला थोडी होती त्यात पाणी घातलं आहे. अक्षर फिकं आलं म्हणून रागावू नको. अप्पा आले की चांगली काळी करून देतील, मग तुला सगळं सांगते."

तिनं पान उलटलं. पुढचं पान काळ्या शाईचं होतं.